शेवटचा क

बास्क भाषा का शिकायची, असा रकाना असतो अर्जात.
लान्देरने लिहिलं: पालिकेची परीक्षा.
एलेउतेरिओने नुसतं एक नाव लिहिलं, नाहिया.
नात. वय वर्षं पाच.
तो सदुसष्ट, सेस्ताओच्या गोदीत जन्मभर क्रेनवर.

आमच्या भाषेत करणाऱ्याला शेवटी क लागतो.
नी म्हणजे मी. पण काही केलं असेल, तर निक.
क नसला की काम झालेलं असतं
आणि करणारा कुठेतरी बाहेर सिगारेट ओढत उभा.

म्हाताऱ्याचा क रोज पडायचा.
लान्देरचा कधीच नाही,
चाचणीत चाळीसपैकी एकोणचाळीस.
पण बेकरीत तो पाव बोटाने दाखवायचा.
मी मागेच होते रांगेत.
त्याने ओळख दिली नाही.

त्याच बेकरीत एलेउतेरिओ रोज सकाळी: ओगी बात, एक पाव.
मुलगी स्पॅनिशमध्ये सुटे मागायची.
दुसऱ्या दिवशी पुन्हा ओगी बात.
घरी किटलीवर, फ्रीजवर, गोळ्यांच्या डबीवर
चिकटपट्टी आणि वाकडं अक्षर.
क्रेनवर चढण्याआधी ब्रेक, दोर, आकडा तपासायचा,
तसा आता दाढी करताना: निक, सुक, हार्क.
एकदा गाल कापून आला. म्हणाला, सुकवर अडलो.

फेब्रुवारीत तीन आठवडे गायब.
नाहिया म्हणाली होती,
तू बॅटरी संपलेल्या बाहुलीसारखा बोलतोस.
परत आला तेव्हा मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, पट्ट्या काढायला घेतल्या होत्या,
निघेनात.

मग तो दुधाचा सोमवार.
दूध उतू गेलं, शेगडीभर, फरशीपर्यंत.
पोरगी दारात, कमरेवर हात:
नोर्क एगिन दू हाऊ? कुणी केलं हे?
आणि हा, हातात चिमटा, म्हणाला,
निक.

"क सकट," त्याने वर्गाला सांगितलं, "अख्खा."
मग? मग काय म्हणाली?
"काही नाही. फडकं मागितलं."

आम्ही हसत होतो.
मागच्या बाकावरून लान्देर,
वहीत न बघता, वर्षात पहिल्यांदा, बास्कमध्ये:
आणि भांडं? ते कुणी घासलं?

घाईत त्याचा क पडला होता.