वास्तव्याचा पुरावा

बंब बाहेर बर्फात उभा करून
त्याच्या जागेवर आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या.
फरशीवर तेलाचा जुना डाग, त्याला वळसा घालून सगळे बसले.
चौदा माणसं. जानेवारीच्या सभेला एरवी पाच असतात,
त्यातला एक हीटरसाठी येतो.

मी इतिवृत्त लिहिते. अकरा वर्षं लिहितेय.
टॅमरॅक क्रीक अग्निशमन जिल्हा, पूर्व ओरेगन.
एक बंब, एक पाण्याचा टँकर, सतरा स्वयंसेवक,
त्यातले तिघे सत्तरीपुढचे.
विषय क्रमांक चार:
मंडळ सदस्य हॉलिस थर्लो जिल्ह्याच्या हद्दीत राहतात काय?

आक्षेप वेन्डल स्ट्राउडचा,
नोव्हेंबरात चार मतांनी पडलेला.
त्याने आणलेला नकाशा सपाट राहीना,
म्हणून चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार मग.
हद्दीची रेघ ओढ्यावरून निघते,
उरिआर्तेंच्या मेंढवाड्याला धरून चढ चढते
आणि दार न ठोठावता हॉलिसच्या घरात शिरते.
आखली तेव्हा तिथे नुसती सेजब्रशची झुडपं होती.
आता स्वयंपाकघर आत. न्हाणीघर अर्धं आत.
झोपायची खोली बाहेर.

"म्हणजे पलंग पेटला तर फोन कुणाला करायचा?"
कुणीतरी म्हणालं, आणि हसू खुर्च्याखुर्च्यांतून पसरलं.
हॉलिसही हसला, टोपी गुडघ्यावर.

वेन्डल हसला नाही. नियम वाचू लागला:
माणूस रात्री जिथे पाठ टेकतो ते त्याचं वास्तव्य.
विजेचं बिल चालत नाही, टपालपेटी चालत नाही,
एकोणीस वर्षं होजपाइप ओढले असले तरी तेही...
इथे तो थांबला, पाणी प्यायला.
चार वर्षांपूर्वीच्या वणव्यात त्याचं कोठार वाचलं होतं.
कुणी वाचवलं ते मी लिहिलं नाही.
विषयपत्रिकेत नव्हतं.

मी मघापासून एका क्रियापदाशीच अडले होते.
राहतो.
भाड्याने राहतो, उपाशी राहतो, गप्प राहतो,
सगळे गेले की मागे राहतो.
कायद्याला यातलं नेमकं कुठलं हवंय?

अध्यक्ष इनेझ उरिआर्तेंनी चष्मा काढला.
"हॉलिस, सरळ विचारते. झोपतोस कुठे?"

त्याने टोपी फिरवली. एक फेरा. आणखी एक.
"खुर्चीत."
"कुठल्या?"
"स्वयंपाकघरातल्या. शेगडीपाशी.
मार्वा गेली तेव्हापासून. फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.
त्या खोलीत मी... तिचे कपडे आहेत तिथे.
कुत्रा जातो कधीकधी."

हीटर बंद पडला, पुन्हा सुरू झाला.
सगळे तेलाच्या डागाकडे बघत होते.
वेन्डल नकाशावरचे मग उचलू लागला,
एकेक, आवाज न करता,
आणि नकाशा आपसूक गुंडाळला गेला.

इतिवृत्तात मी लिहिलं:
सदस्य रात्री हद्दीच्या आत असतात.
पुरावा तोंडी. आक्षेप मागे.
आधी 'झोपतात' लिहिलं होतं, ते खोडलं.

मग टँकरच्या क्लचचा विषय निघाला. अडीच हजार डॉलर.
त्यावर पाऊण तास भांडण,
आणि हॉलिसने नेहमीसारखं विरोधात मत दिलं.

खुर्च्या आवरताना वेन्डल त्याला विचारत होता,
सरपण मार्चपर्यंत पुरेल का.
"पुरेल."
"माझ्याकडे जुनिपर आहे, फोडून ठेवलेलं. गुरुवारी आणतो."
"पुरेल म्हटलं ना."
"गुरुवारी," वेन्डल म्हणाला.

बंब आत घ्यायला हॉलिसच चढला.
टपावर बोटभर बर्फ.
आरशात न बघता त्याने तो मागे घेतला,
आणि तेलाचा डाग
बरोबर इंजिनाखाली आला.