हातचं राखून

होड्यांच्या कोठारात नऊ गाणी धरायला बसलो
तेव्हा बाहेर तीन दिवसांचं धुकं होतं
आणि आत, वाळत टांगलेल्या मटणाचा आंबूस वास.
सुन्व्हानं विचारलं, टेपमध्ये येईल का हा वास?
म्हटलं, आला तर बरंच.

भिंतींना मी मेंढीची लोकर ठोकली होती,
न धुतलेली, चिकट.
तिनं प्रतिध्वनी गिळला,
खिडकीच्या फटीतला वारा मात्र तिला गिळवेना.
आमच्या बेटांवर झाडं नाहीत.
वाऱ्याला हलवायला माणसंच सापडतात.

पहिली चार गाणी तिनं छान म्हटली.
छान म्हणजे
पाहुण्यांपुढे काढलेल्या कपबश्यांसारखी,
एकीलाही टवका नाही.
मी टेप थांबवली, कॉफी ओतली,
म्हटलं, सुन्व्हा, हातचं राखून गातेयस.
ती बोलली नाही.
पायमोज्यातून सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली,
बोट निळं पडेपर्यंत.

(आणि हे मी कोणत्या तोंडानं म्हणालो?
माझा डावा कान गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे.
बिर्ताला सांगितलेलं नाही.
ती त्या अंगाला झोपते, अंधारात काहीतरी पुटपुटते,
मी अंदाजानं 'हं' म्हणतो.
कोण जाणे कशाकशाला हो म्हणून बसलोय.)

सातवं गाणं तोकीचं होतं.
नाव नव्हतं त्यात. पण गावात माणसं तीनशे,
आणि नवरा निघून गेलेली गाणारी एकच.
एक ओळ होती:
दार तू लावलंस, मी कडी ऐकली.
त्या ओळीपाशी आवाज पायरी चुकायचा.
अकरा वेळा चुकला.
बाराव्या वेळी तिनं गिटार बाजूला ठेवली, फोन उचलला
आणि आइसलँडच्याही पलीकडे, जहाजावर
माशांची आतडी काढत उभ्या असलेल्या माणसाला
ती ओळ वाचून दाखवली.
परवानगी मागत होती की भांडण उकरत होती,
मला कळेना.
मी बाहेर जायला उठलो. तिनं हातानंच बसवलं,
फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

इंजिनाची घरघर. कुणाचं तरी हसणं. मग तो:
गा की. ओळ चांगली आहे.
पण दार मी नव्हतं लावलं,
वाऱ्यानं लागलं ते.
मी पायरीवर उभा होतो बराच वेळ,
तू उघडशील म्हणून.

सुन्व्हा 'बरं' म्हणाली. जेवलास का, विचारलं.
फोन ठेवला.
रडली वगैरे नाही.
उठून कोठाराचं दार सताड उघडलं
(माझी लोकर, माझे खिळे, तीन दिवसांची मेहनत!)
धुकं आत आलं, एक मेंढी डोकावून गेली,
आणि ती म्हणाली, आता चालू कर.

ती ओळ तिनं गायलीच नाही.
तिच्या जागी दोन मात्रा नुसत्या सोडल्या,
तारेवर बोट टेकवलेलं, छेडलेलं नाही.
तेवढ्यात बिजागरी करकरते,
आणि लागत काहीच नाही.
पुढे गळा दाटला, तो तिनं खाकरून साफ केला नाही.
शेवटच्या कडव्यात एक सूर सरळ जमिनीवर पडला;
उचलायला ती वाकली नाही.

आठवं, नववं त्याच दुपारी झालं.
पहिली चारही पुन्हा केली, उघड्या दाराशी,
बोटं गारठून लाल.

रात्री दिवा मालवायच्या आधी
मी बिर्ताला म्हटलं, जरा या बाजूला झोपशील?
का, म्हणाली.
मी सांगितलं.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
मला वाटायचं तू टाळतोस, एवढंच म्हणाली,
आणि उशी उचलून अलीकडे आली.

तबकडी निघाली तेव्हा राजधानीतून कुणीतरी कळवलं,
माझ्या प्रतीत दोष दिसतो,
सातव्या गाण्यात मध्येच गाणारी गप्प होते
आणि कुठलंतरी दार वाजतं.
मी पोस्टकार्ड पाठवलं:
होय. वाजतं.