पार्किंग क्रमांक सतरा

सलग चौथ्या सकाळी
रादोमिरच्या गाडीच्या काचेवर पांढरे फराटे
आणि राखाडी, केसाळ गोळ्या; एकीत
उंदराचा जबडा, नखाएवढा.

तो शिव्या देत घासतो. नोवी सादमधला जानेवारी,
फडकं हातातच कडक होतं.
कबुतरं, म्हणतो. मग महापालिका, म्हणतो.
तिसऱ्या मजल्यावरची येलिसावेता कचरा टाकायला उतरते,
आणि पिशवी तशीच हातात धरून
मान वर करते.

पाइनच्या फांदीवरचा एक ढलपा
डोळा उघडतो.
नारिंगी.
मग शेजारचा ढलपा. मग त्याच्या मागचा.

अकरा, ती म्हणते.
तेरा, तो. आवाज आपोआप खाली आलेला.
एक घुबड मान फिरवतं, इतक्या नाराजीनं,
की रात्रपाळीवरून आलेल्या माणसाची
बेल वाजवली कुणी.

घुबड दारात बसलं की घरातलं माणूस जातं,
त्याची आई म्हणायची. ती गेली तेव्हा
हे झाड रिकामं होतं.
हे तो बोलत नाही. फडकं पिळतो,
पिळण्यासारखं त्यात काही नसताना.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबरवर गाडी नाही,
दोन गल्ल्या पलीकडे लावलेली.
रादोमिर मात्र इथंच, बर्फात,
ओठ हलताहेत: नऊ, दहा,

कुणीतरी हॉर्न दिला.
पुन्हा एकपासून.