खिडकी लावण्याआधी

पडद्यावर पांढरी चौकट उघडते :
‘आपण खरोखर बाहेर पडू इच्छिता?
आपली प्रगती जतन केली जाणार नाही.’
खाली दोन बटणं.
बाकावरच्या सगळ्या बाया
माउसवरचे हात मागे घेतात,
विंचू दिसावा तसे.

पंचफुला आत्राम म्हणते,
‘मॅडम, मी कुठं बाहेर पडून रायली?
मी त इथंच बसली आहो.’

मानोरा-दिग्रस रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून
माझं सेंटर. चार कॉम्प्युटर, तीन चालू.
गिरणी सुरू झाली की पडदे थरथरतात,
ज्वारीचं पीठ येऊन अक्षरांवर बसतं.
रंगाच्या जुन्या ब्रशनं मी ते रोज झाडते.
अंगणवाडीच्या बाया इथे
बाळांच्या वजनाचा कोर्स करतात :
दहा धडे, धड्याशेवटी पाच प्रश्न.
आणि सहाव्या धड्यात
दुर्पताबाईचा फोन वाजतो. म्हैस सुटली.
ती उठते, फुली दाबते,
चौकटीला ‘हो बापा, हो’ म्हणते,
आणि एक्केचाळीस मिनिटं जातात.
कुठं जातात, मला विचारते.
मला माहीत असतं तर
मी सायकल काढून आणली नसती का?

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.
पडद्यातली बाई तीच, साडी तीच,
तेच गोड ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’.
दुर्पता तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
‘वळख नाही ठेवली तुवा.’

म्हणून मी खोक्याचा पुठ्ठा कापला.
‘चपला बाहेर काढा’च्या खाली जागा होती.
आधी लिहिलं :
सूचना. जतन केल्याशिवाय खिडकी बंद करू नये.
कुणी वाचलंच नाही.
सूचना म्हणजे ग्रामपंचायतीची,
पाणीपट्टी भरलेल्यांनी वाचायची नसते.
पुठ्ठा उलटा केला. मग लिहिलं :
विरजण लावल्याशिवाय दूध सोडून उठू नये.
पंचफुलानं वाचलं, मोठ्यानं, बोट ठेवून.
‘आता दुधाचाबी कोर्स निघाला का?’

तेवढ्यात लाइट गेली.
लाइट कुणाला विचारत नाही,
खरोखर बाहेर पडू इच्छिता का म्हणून.
गिरणीचा पट्टा सुस्कारा टाकत थांबला.
काळ्या पडद्यांत आम्ही आमचेच चेहरे बघत बसलो.

अमरावतीला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात,
माझीही एक खिडकी अशीच बंद झाली.
लग्नाची तारीख निघाली होती.
कुणी चौकट दाखवली नाही हे खरं,
पण दाखवली असती
तरी मी ‘हो’च दाबलं असतं.
घाई होती. साडी मोरपंखी होती.
वनस्पतिशास्त्राची जर्नल
अर्धी रंगवलेली, हॉस्टेलच्या कपाटात राहिली.
तिचं पुढं काय झालं
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

लाइट काही आली नाही. बाया उठल्या.
अंधारात पायांनीच चपला चाचपत
एकेक जण म्हणत गेली,
‘येतो मॅडम.’
‘येतो बरं.’
‘येतो.’
जातो, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही.
निघत नाहीच आपल्याकडे.

रात्री नवा पुठ्ठा.
मार्कर सुकलेला, म्हणून नवऱ्याच्या
ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगानं :
‘निघताना येतो म्हणा.’
आणि एक बाण,
थोडा वाकडा, निळ्या बटणाकडे.

गुरुवारी परत म्हैस.
दुर्पता उभी. एका पायात चप्पल,
कानाला फोन, फुलीवर जाणारं बोट
मधेच वळलं,
निळ्यावर टेकलं.
‘येतो वं माय,’ ती पडद्याला म्हणाली,
‘थांबजो इथंच.’
आणि ती बाई, वजनकाट्याशेजारी,
तोंड अर्धं उघडं ठेवून
सातव्या धड्यात थांबली.

म्हैस तोवर
भागवत गावंड्याच्या तुरीत शिरली होती.