सुधारित अहवाल

पहिल्या कागदावर होतं : कडा मोकळ्या.
घडी करून तो डिचोलीला आणला
कदंबाच्या मागच्या सीटवरून,
आणि त्या दिवशी बांगड्यांचा भाव केला नाही.

तीन आठवड्यांनी फोन.
बांबोळीला या, अहवाल सुधारलाय.
नमुना क्रमांक तोच, तारीख तीच,
खाली एक ओळ नवी :
खालच्या कडेपर्यंत पेशी पोचलेल्या.
सही वाचता येत नाही.

मामलेदार कचेरीत एकोणतीस वर्षं
मी हेच केलं.
एक-चौदाच्या उताऱ्यात चूक निघाली
की लोक यायचे.
अर्ज करा, म्हणायचे, मान वर न करता.
वेळग्याचा रुक्मो गांवस
काजूच्या बांधासाठी अकरा वेळा आला.
बाराव्या वेळी त्याचा मुलगा.

मेर हालत नाही, बाय, रुक्मो म्हणायचा,
कागदच हालतो.

आता काचपट्ट्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्यात.
जत्रेतल्या खाज्याच्या रिकाम्या खोक्यात
कापूस पसरून ठेवल्यात.
मेणाचा एक ठोकळाही आहे,
त्यात मी, नखाएवढी.
खोक्याला अजून आल्याचा वास येतो.

गुरुदास विचारतो, आधीचा कागद फाडू?
नको.
टोचणीत दोन्ही राहू देत,
जुन्यावर नवा,
आणि नव्यावर थोडी जागा.

कंडक्टर म्हणतो, खोका वर ठेवा, मावशी.
मान वर करून
मी त्याला नाही म्हणते.
पर्वरीच्या खड्ड्यांत
तो मांडीवर घट्ट धरते.