पुढे पाठवत आहे

पहिल्या बैठकीसाठी बारा डॉक्टरांना फोन केले होते,
आले चार. त्यातले एक चुकून,
त्यांना खालच्या मजल्यावर दाढ दाखवायची होती.
थांबले मात्र. चहा होता.

गुरुवार दुपार. सहकारनगरात दुरुस्तीसाठी लाईट बंद.
कॅलरीच्या तक्त्यांनी वारा घेत सगळे ऐकत होते
मी लिहून आणलेलं भाषण:
गोळीच्या आधी ताट, ताटाच्या आधी झोप, वगैरे.
धायरीचे गव्हाणे म्हणाले, "मॅडम,
माझ्याकडे माणसामागे चार मिनिटं असतात.
त्यात झोपेचं विचारू कधी?"

भाषण मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं.
चार मिनिटं तुमची, म्हटलं, सहा माझी,
रुकय्या तांबोळींचा अर्धा तास गुडघ्यांसाठी,
ओव्हाळांची ताटापुरती वीस.
बेरीज करून बघू,
एक अख्खा माणूस बसतो का त्यात.

दुसऱ्या खेपेला औषध कंपनीचा एक मुलगा आला.
हॉलचं भाडं देतो म्हणाला, वर जेवण, गुलाबजाम धरून.
नको म्हणताना वाटायला हवा होता तेवढा अभिमान वाटला नाही.
पुढचे तीन महिने खुर्च्या मीच लावल्या.

मग एक वही केली. दोनशे पानी, आखीव.
कोणी कोणाला पाठवला, का पाठवला, परत आला का.
पान अकरा: कुंभारकर, रिक्षा, मार्केट यार्ड. साखर तीनशे दहा.
ओव्हाळांनी विचारलं, जेवता कुठे?
"सिग्नलला."
तांबोळीबाईंनी सीटमागे टेकायला उशी शिवून दिली.
झोपेचे दातार म्हणाले, रात्रीची रिक्षा बंद करा.
कुंभारकर म्हणाले, "मग हप्ता तुम्ही भरा."
दातारांनी ते तसंच वहीत उतरवलं.
खाली सही केली.

बरेच दिवस त्या पानापुढे कोणी काही लिहिलं नाही.
मग बँकेतून निवृत्त झालेल्या लिमयेबाईंना आम्ही सभासद करून घेतलं,
कर्जाचे कागद वाचायला.
त्या डॉक्टर नाहीत, अशी हरकत एकाच व्यक्तीने घेतली होती.
ती मी.

आता एकोणतीस जण आहोत,
वारज्यापासून वाघोलीपर्यंत.
निम्मे एकमेकांना नुसत्या अक्षरावरून ओळखतात.
कुंभारकरांची साखर एकशे ऐंशीवर आहे,
मधूनमधून दोनशे. लग्नसराईत विचारू नये.

परवा वही चाळताना माझंच नाव दिसलं.
गव्हाण्यांचं अक्षर, केमिस्टलाही न लागणारं:
"वय त्रेपन्न. रात्री एक वाजता बैठकीचे निरोप धाडतात.
उभ्याने जेवतात. टेकडी आठ महिने पाहिलेली नाही.
दातारांकडे पुढे पाठवत आहे."

राग आला. खोडायला पेनही उघडलं.
मग पान अकरा आठवलं,
आणि टोपण लावलं.

गुरुवारी गेले. लाईट नव्हती.
दातारांनी घड्याळ काढून खणात ठेवलं,
म्हणाले, "बसा.
नाही, पर्स खाली ठेवून बसा."