मानेखालचा अरखर

मुरगाबच्या वर, जिथं पाणी लवकर उकळतं
आणि मांस मात्र शिजता शिजत नाही,
तिथल्या शिकारी तळावर
मी अकरा हंगाम चूल सांभाळते.
पाहुणे नोव्हेंबरात येतात.
धाप लागलेले, ओठ फुटलेले,
प्रत्येकाच्या खिशात एक यादी.

रात्री जेवणं झाली की यादी उलगडते.
पैसा असता, वेळ असता, तर.
हॅलोरनला कामचाटकाचं अस्वल हवंय.
इग्नासियोला कॅमेरूनच्या रानातलं पट्ट्यांचं हरीण,
त्यासाठी म्हणे एकवीस दिवस नुसतं पावसात बसायचं.
आणि एक म्हातारा, नाव विसरले,
त्याच्याकडे पैसाही होता, वेळही होता,
गुडघे तेवढे नव्हते.
चणे आहेत तर दात नाहीत.
धंद्यानं तो दातांचाच डॉक्टर.

मी भांडी घासत ऐकते.
नूरइस्लाम दुभाष्या, अर्धं सांगतो, अर्धं गिळतो.

मी अरखर पाहिलेला नाही.
हसू नका.
म्हणजे ठिपका पाहिलाय, कड्यावर,
तोकोयबेकनं बोट दाखवलं म्हणून हो म्हटलं.
पण जवळून तो मला कायम मानेखालूनच भेटला.
डोकं त्यांचं, मांस आमचं, असा रिवाज.
ती वळणावळणाची शिंगं मीठ चोळून, गोणपाटात बांधून
जीपनं ओशला जातात, पुढं विमानानं, कागदपत्रांसकट.
माझ्या वाट्याला खांदे, फासळ्या,
आणि पोटात न पचलेलं हिरवट गवत,
त्याचं शेवटचं जेवण,
ते मी ओंजळीनं उपसून टाकते.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दुकानं रिकामी झाली
तेव्हा बापानं एक मादी मारली होती,
घरात आम्ही पाच तोंडं.
त्या शिकारीला यादी नव्हती.
डोकंसुद्धा उकडलं आम्ही.
मी नऊ वर्षांची. डोळ्यांकडे बघू नको, आई म्हणाली,
आणि मी शहाण्या मुलीसारखी बघितलं नाही.

गेल्या हंगामात हॅलोरननं मलाच विचारलं,
बुरूलाय, तुझं काय?
पैसा असता, वेळ असता, तर?

तर मी परवाना काढला असता.
पत्ते आहेत माझ्याकडे, पेट्यांवरून उतरवलेले,
वहीत, मिठाच्या हिशेबामागे.
पहिला टेक्सासचा.
डाव्या शिंगाचं टोक मोडलेला, चौदा सालचा,
ज्याचं काळीज मी कांद्यावर परतलं.
मग जर्मनीतलं एक गाव,
नाव लिहिता येतं, म्हणता येत नाही.
मग बिल्बाओ.
माग काढायचा म्हणजे बसनं जायचं,
वाऱ्याची दिशा बघून घंटी वाजवायची,
बूट दाराशी काढायचे,
सोफ्यावर बसून मान वर करायची
आणि हलायचं नाही, खोकायचं नाही,
तो माझ्याकडे बघेपर्यंत.
काचेचे का होईनात, डोळे.
तेवढ्यात आतल्या चुलीवर दुसरं कुणीतरी
माझ्यासाठी शोरपो ढवळत असावं,
मीठ पुरे का, विचारायला बाहेर यावं.

एवढं सगळं मी बोलले.
हात ओले होते, तसेच धरून बोलले.
नूरइस्लामनं जांभई दिली
आणि इंग्रजीत तीनच शब्द सांगितले.
हॅलोरननं मान डोलावली. मनापासून.

जूनमध्ये ओशहून खोकं आलं.
प्रेशर कुकर, पाच लिटरचा,
रबरं दोन जास्तीची.

मांस आता शिट्ट्या मोजून शिजतं.
पूर्वी अख्खी दुपार जायची.
वेळ झाला म्हणायचा.
कुकर निवेपर्यंत मी वही काढते,
बिल्बाओ, बिल्बाओ,
परक्या अक्षरांत गिरवत बसते.